शाल एक, खांदे अनेक



आम्ही नावाआधी ‘डॉ.’ लावतो खरं, पण ते रसायनशास्त्रातलं. मंडळाच्या कार्यक्रमात नवीन आलेलं कुणीतरी हमखास गुडघेदुखीवर औषध विचारतं, आणि मग आम्हाला खुलासा करावा लागतो की बाबा रे, आम्ही माणसांचे नव्हे, बाटल्यांमधल्या द्रावणांचे डॉक्टर. तेव्हा या लेखात कुणी वैद्यकीय सल्ला शोधू नये. लिहायचं आहे ते एका चुकीबद्दल. ती चूक मंडळाच्या कार्यकर्त्यांची आहे, आणि त्यात आम्ही पुढे होतो.

आपल्या मंडळातले एक काका आणि काकू. घरच्यांना विचारून, पण नावं न देता लिहीत आहोत. ओळखणारे ओळखतीलच. काका सत्तरच्या दशकात इथे इंग्लंडला आले. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा सौम्य झटका आला. उजवा हात कमजोर झाला, खाली वाकणं बंद झालं. मधुमेह तर वीस वर्षांचा जुना सोबती. काकूंचे गुडघे आधीच कुरकुरणारे. मुलगा तीन तासांच्या अंतरावर. तेव्हा सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास एक केअरर घरी येऊ लागली. आंघोळ, कपडे, मोजे, नाश्ता, गोळ्या घेतल्या की नाही ते पाहणं आणि शेवटी टेबलावरच्या निळ्या फाइलीत चार ओळी लिहून जाणं, एवढं तिचं काम.

एके दिवशी सकाळी मोजे चढवताना तिला काकांच्या मोज्याच्या आतल्या बाजूला, अंगठ्याखाली, रुपयाएवढा ओलसर डाग दिसला. काकांना काहीच दुखत नव्हतं. दुखणार कसं? जुन्या मधुमेहात पायांची संवेदना हळूहळू जाते. खडा रुतला तरी कळत नाही. तिनं पाय उजेडात धरून पाहिला, फाइलीत लिहिलं, तिच्या ऑफिसला फोन केला आणि ऑफिसनं दवाखान्याला. मधुमेह्याच्या पायाला नवी जखम झाली तर एका कामकाजाच्या दिवसात पायाच्या तज्ज्ञ पथकाकडे पाठवावं, असा इथला मार्गदर्शक नियम आहे. तो पाळला गेला, कारण ती ओल कुणीतरी वेळेवर पाहिली होती.

मग सुरू झाली ये-जा. मूळची केरळची एक डिस्ट्रिक्ट नर्स आठवड्यातून तीनदा ड्रेसिंगला. पायाच्या क्लिनिकमधली पोडिॲट्रिस्ट, जिनं टाचेवर भार देणारा खास बूट दिला. कोपऱ्यावरचा गुजराती फार्मासिस्ट, जो गोळ्या वारानुसार कप्प्यांच्या पाकिटात भरून घरी पाठवायचा. न्हाणीघरात धरायला दांड्या बसवून देणारी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. हॉस्पिटलच्या गाडीचा ड्रायव्हर, जो काकूंना पुढच्या सीटवर नीट बसवल्याशिवाय गाडी हलवत नसे. यांतले निम्मे लोक एकमेकांना कधी भेटलेही नसतील. त्यांची भेट व्हायची ती त्या निळ्या फाइलीत. आम्ही ती काकूंच्या परवानगीनं वाचली. “डावी टाच आज लाल वाटली, कृपया उद्या पाहावे.” खाली दुसऱ्या अक्षरात, “पाहिली, ठीक आहे, लक्षात आणून दिल्याबद्दल आभार.” आभार मानायची ही पद्धत आम्हाला फार आवडली. जे सांगितलं ते दुसऱ्यानं वाचलं, त्यावर काम केलं आणि तसं कळवलं.

आता आमचा, म्हणजे मंडळाचा, पराक्रम ऐका. काका आजारी म्हटल्यावर आपण सगळे धावलो. शनिवार-रविवारी डब्यांची रांग लागली. कुणाची पुरणपोळी, कुणाचे बेसनाचे लाडू, कुणाचा आंबरस. त्यातला एक लाडवांचा डबा आमचाही. चार आठवड्यांनी नर्सच्या लक्षात आलं की काकू वहीत लिहितात ती साखर सोमवार ते शुक्रवार बरी असते आणि शनिवार-रविवारी चढते. जखम भरायला उशीर होत होता तो यामुळेही. तिनं रागावून नाही, अगदी साधेपणानं विचारलं, “वीकएंडला घरात काही वेगळं असतं का?” काकूंनी फ्रिज उघडून दाखवला. म्हणजे पाच दिवस सगळं पथक जी जखम भरत आणायचं, ती आम्ही प्रेमानं दोन दिवसांत मागे ढकलत होतो!

दुसरी गोष्ट पायांची. आपण घरात अनवाणी. देवघर, स्वयंपाकघर, चपला कशा घालणार? पोडिॲट्रिस्ट म्हणत होती, घरातही पाय उघडा नको. काका ऐकेनात. इथेही वाट काढली ती त्या केअररनं. तिनं वाद घातला नाही. काकूंना विचारलं, “बाहेर कधीही न नेलेली, फक्त घरातलीच पादत्राणं चालतील का?” काकू म्हणाल्या, “हे आम्हाला का नाही सुचलं?” डॉक्टर झालेल्या आम्हालाही सुचलं नव्हतं.

पाच महिन्यांनी जखम भरली. पाय वाचला. काकांना पंचाहत्तर पूर्ण झाली म्हणून मंडळानं शाळेचा हॉल घेऊन अमृतमहोत्सव साजरा केला. सुरेख कार्यक्रम झाला, फोटो तुम्ही पाहिलेच असतील. त्यात आम्ही आपल्या मंडळातल्या एका सर्जन सभासदांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. “यांच्यामुळे काकांचा पाय वाचला,” असं माईकवर बोललो ते आम्हीच. ते बिचारे संकोचून म्हणाले, “अहो, मी फक्त फोनवर ‘क्लिनिकला जा’ एवढंच सांगितलं.” आम्हाला तो त्यांचा विनय वाटला. ती वस्तुस्थिती होती.

आणि ती केअरर? ती हॉलमध्येच होती. काकांची व्हीलचेअर तिनंच आणली होती, सुट्टीच्या दिवशी, तिच्या वेळात. आम्ही तिला दाराजवळ कोटांच्या टेबलापाशी उभी पाहिली. जेवणाच्या वेळी कागदी ताटलीत दोन पुऱ्या आणि भाजी वाढून तिला दिली, “थँक यू सो मच” म्हणालो आणि पंगतीकडे वळलो. बसायला खुर्ची दिली नाही. नाव घेतलं नाही. घेणार कसं? नऊ महिने आम्ही त्या घरी जात होतो, तिला ‘ती केअरर’ म्हणत होतो. नाव कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकूंना कार्यक्रम कसा वाटला विचारायला गेलो. काकू म्हणाल्या, “छान झाला रे बाळांनो. फक्त माझ्या घरची माणसं मागं उभी राहिली.” एवढंच म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या. हा लेख त्या चहापासून डोक्यात आहे.

आमच्या विषयात एक संज्ञा आहे, उत्प्रेरक. रासायनिक समीकरण लिहिताना डावीकडे काय घातलं, उजवीकडे काय निघालं ते मांडतात, आणि मधल्या बाणाच्या डोक्यावर बारीक अक्षरात उत्प्रेरकाचं नाव लिहितात. त्याच्याशिवाय क्रिया होईपर्यंत वर्षं जातील, पण शेवटच्या हिशोबात तो कुठेच नसतो. घरोघर जाणाऱ्या या माणसांना आपण तसंच बाणावर बसवून ठेवलं आहे. आणि एक गोष्ट विद्यार्थी विसरतात, ती आपणही विसरतो. उत्प्रेरक झिजत नाही हे पुस्तकातलं वाक्य. कारखान्यात तो कालांतरानं निकामी होतो. माणसं तर त्याहून लवकर होतात.

टाळ्या वाजवून हे भागतं का, याचा अनुभव आपण घेतलेला आहे. २२ मार्च २०२० ला भारतात थाळ्या वाजल्या. चारच दिवसांनी, २६ मार्चच्या गुरुवारी रात्री आठ वाजता, आपण इथे दारात उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि सलग दहा गुरुवार वाजवत राहिलो. आमच्या गल्लीत तर एकांनी झांजा काढल्या होत्या. भावना खरी होती, तिची चेष्टा नको. पण पुढे काय झालं? १५ डिसेंबर २०२२ ला इथल्या नर्सेस पगारासाठी संपावर गेल्या, आणि त्यांच्या रॉयल कॉलेजच्या इतिहासात इंग्लंडमध्ये असं पहिल्यांदाच घडलं. तिकडे महाराष्ट्रात आशा सेविका कोविडमध्ये दारोदार फिरल्या आणि जून २०२१ मध्ये त्यांनाही संप करावा लागला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाखांच्या घरातल्या आशांचा गौरव केला, पण सरकारी व्याख्येत त्या ‘स्वयंसेविका’, म्हणजे पगार नव्हे, मोबदला. सन्मानपत्र भिंतीवर लागतं, त्यानं पीठ-मीठ येत नाही. इथल्या केअररचंही तेच. दोन घरांमधला प्रवासाचा वेळ अनेक ठिकाणी पगारात धरलाच जात नाही.

आपल्या या केअररची गोष्ट आता आम्हाला माहीत आहे, कारण शेवटी विचारली. ती झिंबाब्वेची. दोन मुलं तिकडे आजीकडे. ११ मार्च २०२४ पासून या कामासाठी नव्यानं आलेल्यांना मुलाबाळांना सोबत आणता आलं नाही, आणि ती त्यानंतर आलेली. ती दुसऱ्याच्या बापाचे मोजे चढवते आणि स्वतःच्या मुलांना फोनवर पाहते. मंडळी, आईवडिलांना मागे ठेवून, आठवड्याच्या फोनवर जीव टांगून राहणं म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला हवं का? तिला ओळखायला सगळ्यात आधी आपणच पुढे यायला हवं होतं.

काका मूळचे नगर जिल्ह्यातले, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात. पायाचं ड्रेसिंग चालू असताना ते आम्हाला जामखेडच्या गोष्टी सांगायचे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं वेल्लोरचं वैद्यकीय शिक्षण आणि अमेरिकेतला सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास पाठीशी घेऊन या दुष्काळी तालुक्यात येऊन राहिलं. त्यांच्या लवकरच लक्षात आलं की दवाखाना कितीही मोठा बांधला तरी तो गावात चालत जात नाही. मग गावांनीच आपापली एक बाई निवडली. त्यांतल्या कित्येकींनी शाळा पाहिली नव्हती, कित्येक दलित वस्तीतल्या होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला जमायच्या, शिकायच्या आणि मुख्य म्हणजे आपल्या गावात काय झालं ते एकमेकींना सांगायच्या. एकीचा अनुभव दुसरीचं शिक्षण. बाळंतपण, जुलाब झालेल्या मुलाला साखर-मिठाचं पाणी, कुष्ठरोग्याशी माणुसकीनं वागणं, ही कामं त्यांनी गावात उभी केली. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जगभरच्या अशा प्रयोगांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेडचं प्रकरण होतं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुरस्कार दोघांच्या नावे, काम गावोगावच्या हातांचं.

जामखेडच्या त्या आठवड्याच्या बैठकीत आणि काकूंच्या टेबलावरच्या निळ्या फाइलीत आम्हाला फरक वाटत नाही. दोन्हीकडे तत्त्व एकच. जो रुग्णाच्या सर्वांत जवळ बसतो त्याला सर्वांत आधी दिसतं, आणि त्याला दिसलेलं वरच्यानं मानलं पाहिजे. मान देणं म्हणजे नमस्कार करणं नव्हे, त्याचं म्हणणं वजनदार धरणं. केअररनं लिहिलेला डाग नर्सनं हलक्यात घेतला असता, तर आज काका काठी घेऊन का होईना, पण स्वतःच्या दोन पायांवर दारात उभे दिसले नसते.

आता जरा आपल्याच घरात डोकावू. आपल्या मंडळात पदव्युत्तर शिक्षणाला आलेली एक मुलगी शनिवार-रविवार वृद्धाश्रमात काम करते. तिनं आम्हाला विनंती केली, “दादा, मंडळात कुणाला सांगू नका हं. घरी कळलं तर म्हणतील, याचसाठी पाठवलं का?” आम्ही गप्प बसलो. मंडळात आपण मुलं काय करतात ते विचारतो, तेव्हा ‘हॉस्पिटलमध्ये कन्सल्टंट’ म्हटलं की चेहरे फुलतात आणि ‘केअरमध्ये’ म्हटलं की विषय बदलतो. हे तिनं पाहिलं आहे. आपल्या आईवडिलांच्या म्हातारपणी ज्या हातांची वाट पाहणार, त्याच हातांची आपल्याला लाज वाटावी?

तेव्हा तक्रार पुरे. मंडळाच्या पुढच्या वार्षिक सभेत आम्ही काही गोष्टी मांडणार आहोत, त्या इथे आधीच सांगून ठेवतो.

पहिली, डबा नेण्याआधी फोन करावा. “काय आणू?” यापेक्षा “काय चालतं?” असं विचारावं. आजाऱ्याच्या घरी आपणही त्या पथकाचेच सभासद असतो. पथकातल्या माणसानं काय केलं ते सांगायचं असतं, लपवायचं नसतं.

दुसरी, भाषा. झटका आल्यावर किंवा वयोमानानं कित्येकांची इंग्रजी आधी जाते, मराठी उरते. सरकारी आरोग्यसेवेत दुभाषी विनामूल्य मिळतो, तो दवाखान्यात आधी सांगून मागावा. नातवंडांना दुभाषी करू नये. आजोबांच्या लघवीबद्दल दहा वर्षांच्या मुलानं बोलावं हे दोघांनाही जड जातं. शिवाय मंडळानं एक कागद तयार करावा. दुखतंय, चक्कर येतेय, पाणी, तहान, थंडी वाजतेय, शौचाला जायचंय, असे वीस शब्द, समोर इंग्रजी अर्थ आणि इंग्रजी अक्षरांत उच्चार. तो पलंगाशेजारी लावता येईल. एक दुपार बसलो तर होईल.

तिसरी, दारातले बूट. काही नर्सेसना कामाच्या नियमामुळे बूट काढता येत नाहीत. त्यावरून दारातच नाराजी नको. बुटांवर चढवायच्या पिशव्या दाराशी ठेवाव्या, नाहीतर एक जुनी चटई अंथरावी. आणि हो, नाव विचारावं, नीट उच्चारायला शिकावं. आपल्या नावाची इथे झालेली मोडतोड आठवावी, म्हणजे जमेल.

चौथी, पत्र. पैसे किंवा भारी भेटवस्तू घेणं या मंडळींना बहुधा नियमानं मना असतं. पण पत्र घेता येतं. इथल्या नर्सला दर तीन वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना आपल्या कामाबद्दलचे पाच अभिप्राय दाखवावे लागतात. तुमचं पत्र त्यांतलं एक होऊ शकतं. ‘खूप चांगली आहे’ एवढं पुरत नाही. काय केलं ते लिहावं. “अमुक दिवशी मोज्यावरचा डाग पाहून फोन केला, म्हणून पाय वाचला.” केअररच्या ऑफिसलाही असंच पत्र पाठवावं. नाहीतर तिच्या ऑफिसकडे जातं काय? उशिरा आली याची तक्रार. आणि प्रवासाच्या वेळेच्या पगाराबद्दल आपल्या नगरसेवकाला चार ओळी लिहायला तरी कुणाची हरकत आहे?

पाचवी, सत्कार. डॉक्टरांचा सत्कार बंद करा असं आम्ही म्हणत नाही. त्यांचेही उपकार आहेत, रात्री-अपरात्री आपले फोन ते उचलतात. पण कुणाच्या बरं होण्याचा आनंद साजरा करायचा असेल, तर त्या घराला विचारून, त्यांच्या आणि त्या माणसांच्या संमतीनं, सगळ्यांना बोलवावं. खुर्च्या पहिल्या रांगेत, जेवण आपल्या पंगतीत. एकच शाल घ्यायची असेल तर ती म्हाताऱ्या माणसाच्या खांद्यावर घालावी, आणि बाकीच्यांची नावं माईकवर, एकेक करून, काय केलं ते सांगत वाचावी.

आम्ही आमच्यापुरती सुरुवात केली आहे. गेल्या महिन्यात काकूंच्या घरी जेवण होतं. फार कुणी नाही, आठ-दहा माणसं. नर्सला ड्यूटी होती, तिनं निरोप पाठवला. फार्मासिस्ट दुकान बंद करून आला. केअरर आली, या वेळी पाहुणी म्हणून. काकूंनी तिला पाटाजवळच्या खुर्चीत बसवलं आणि वाढायला आम्हाला उभं केलं. आम्ही तिच्या नावानं हाक मारली. उच्चार चुकला. तिनं हसून दुरुस्त केला. पुन्हा म्हटलं, तिसऱ्या वेळी बरोबर आलं.

लाडू अर्थातच नव्हते. काकांनी दोनदा विचारलं.

वार्षिक सभेला जरूर यावे, आणि वरच्या गोष्टींत भर घालायची असेल तर ती लिहून आणावी. विशेषतः आपल्यातल्या ज्या भगिनी आणि बंधू स्वतः हे काम करतात, त्यांनी. मंडळानं आधी त्यांचं ऐकायचं आहे.

आपले नम्र,
मंडळाचे एक कार्यकर्ते
(रसायनांचे डॉक्टर, गुडघ्यांचे नव्हेत)